पाण्यातून हायड्रोजन: कार्बनवर मोलिब्डेनम डायसल्फाइड बसवायचा कसा आणि त्याचा आकडा तपासायचा कसा

बडोद्याला हायड्रोजन नवा नाही. १९६५ साली सुरू झालेल्या कोयलीच्या रिफायनरीत इंधनातलं गंधक काढायला तो लागतो आणि फर्टिलायझरनगरला अमोनियासाठी लागतो. मात्र हा हायड्रोजन पाण्यातून येत नाही. नैसर्गिक वायूवर वाफेची प्रक्रिया करून तो काढतात, आणि एक किलो हायड्रोजनमागे साधारण नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाण्याचं विजेनं विघटन करून तोच वायू मिळवायचा तर ऋणाग्रावर उत्प्रेरक हवा. आम्लात यासाठी प्लॅटिनमला तोड नाही, पण ते महाग आणि दुर्मीळ. म्हणून स्वस्त पर्यायांवर जगभर काम चालू आहे, आणि त्यातला शिकायला सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे कार्बनच्या पुडीवर बसवलेला मोलिब्डेनम डायसल्फाइड.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला बसणाऱ्यांसाठी हा लेख आहे. फ्यूम हूड, २०० अंशांपर्यंत जाणारा ओव्हन, सेंट्रिफ्यूज आणि एक पोटेन्शिओस्टॅट (विभव ठरवून प्रवाह मोजणारं यंत्र) एवढं हाताशी असलं की काम होतं. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो: काळी पूड बनवणं हे सोपं अर्धं काम आहे. अवघड अर्धं म्हणजे तिची जी कामगिरी तुम्ही सांगता ती खरोखर तिचीच आहे, दुसऱ्या कशाची नाही, हे दाखवणं. म्हणून खाली मोजमापावर जास्त लिहिलं आहे.

कार्बन कशासाठी

मोलिब्डेनम डायसल्फाइड पत्त्यांच्या कॅटसारखा थरांचा असतो. थराचा सपाट पृष्ठभाग हायड्रोजनच्या दृष्टीनं जवळजवळ निष्क्रिय. काम होतं ते थरांच्या कडांवर. २००५ मध्ये गणितानं ही शक्यता दाखवली गेली आणि २००७ मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटानं प्रयोगानं सिद्ध केलं की प्रक्रियेचा वेग क्षेत्रफळाच्या नव्हे, कडांच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे कण जितके लहान आणि विखुरलेले, तितक्या कडा जास्त.

दुसरी अडचण विजेची. एका थरातून दुसऱ्या थरात इलेक्ट्रॉन सहज जात नाहीत. नुसती पूड इलेक्ट्रोडवर जाड थापली तर वरचे कण विजेपासून तुटलेलेच राहतात. कार्बन ही दोन्ही कामं करतो: कण एकमेकांना चिकटून ढेकळं होऊ देत नाही आणि प्रत्येक कणापर्यंत वीज पोचवतो. २०११ मध्ये स्टॅनफर्डमध्ये ग्राफीनवर वाढवलेल्या मोलिब्डेनम डायसल्फाइडनं हे ठळक दाखवलं. तिथे टाफेल उतार, म्हणजे प्रवाह दहापट करायला वाढवावं लागणारं विभव, ४१ मिलिव्होल्ट मिळाला होता. ग्राफीन ऑक्साइड करायला वेळ लागतो आणि प्रत्येक बॅच वेगळी निघते. पहिल्या कामाला वल्कन एक्ससी-७२ हा वीजवाहक कार्बन ब्लॅक घ्या. त्याचं पृष्ठफळ ग्रॅमला सुमारे २५० चौरस मीटर असतं आणि तो बॅचगणिक फारसा बदलत नाही.

रबरवाल्याकडून टायरचा कार्बन ब्लॅक आणू नका. दिसायला तोच, पण एन-३३० सारख्या ग्रेडचं पृष्ठफळ ग्रॅमला ८० चौरस मीटरच्या आसपास असतं आणि त्यात स्वतःचं गंधक असतं. मग तुमच्या गंधकाच्या विश्लेषणाला काही अर्थ उरत नाही. कार्बन नॅनोट्यूब वापरायच्या असतील तर त्यांच्यात त्या बनवताना वापरलेलं लोखंड, निकेल किंवा कोबाल्ट राहिलेलं असतं. आम्लात धुतल्याशिवाय त्या घेऊ नका.

कार्बनची तयारी

ताजा कार्बन ब्लॅक पाण्यात भिजत नाही, वर तरंगतो. त्याच्या पृष्ठभागावर थोडे ऑक्सिजनचे गट आणले की तो भिजतो आणि मोलिब्डेनमच्या कणांना धरायला जागा मिळते.

१ ग्रॅम कार्बन १०० मिलिलिटर ५ मोलर नायट्रिक आम्लात घाला आणि ८० अंशांवर रिफ्लक्स कंडेन्सर लावून चार ते सहा तास ढवळत ठेवा. तपकिरी धूर येईल, म्हणून हे सगळं फ्यूम हूडमध्येच. थंड झालं की गाळा आणि धुण्याच्या पाण्याचा पीएच ६ ते ७ होईपर्यंत पाण्यानं धुवा. यात वेळ जातो, गाळणं रटाळ होतं, पण इथे घाई केली तर पुढे आम्ल आत राहतं. ८० अंशांवर रात्रभर वाळवा.

धुणं पुरं होण्याआधी इथेनॉल, आयसोप्रोपेनॉल किंवा ॲसिटोन जवळही आणू नका. नायट्रिक आम्ल आणि हे द्रावक एकत्र आले की उष्णता आणि वायू झपाट्यानं तयार होतात, बंद बाटलीत तर स्फोट होतो. "लवकर वाळावं म्हणून थोडं ॲसिटोन" ही सवय इथे जीवावर बेतू शकते. कचऱ्याच्या बाटल्याही वेगळ्या ठेवा.

आम्लाचा काळ वाढवून फायदा नाही. जास्त ऑक्सिडीकरण झालं की कार्बनची वीजवाहकता घटते आणि पृष्ठफळही मार खातं.

ऑटोक्लेव्हमधली पायरी

प्रमाण असं धरा की शेवटी निम्मा मोलिब्डेनम डायसल्फाइड आणि निम्मा कार्बन असेल.

सोडियम मोलिब्डेट डायहायड्रेट ०.२४२ ग्रॅम, म्हणजे १ मिलिमोल. थायोयुरिया (गंधक यातूनच येतं) ०.३८१ ग्रॅम, म्हणजे ५ मिलिमोल. तयार केलेला कार्बन ०.१६० ग्रॅम. अतिशुद्ध पाणी ६० मिलिलिटर. भांडं, म्हणजे ऑटोक्लेव्ह, १०० मिलिलिटरचं, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं स्टेनलेस स्टीलचं.

आधी कार्बन ४० मिलिलिटर पाण्यात घालून अर्धा तास सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी विखुरा. उरलेल्या २० मिलिलिटरमध्ये मोलिब्डेट आणि थायोयुरिया विरघळवून ते द्रावण कार्बनमध्ये ओता आणि एक तास ढवळा. मग ऑटोक्लेव्हमध्ये भरून २०० अंशांवर २४ तास.

गंधक एवढं जास्त का? मोलिब्डेनमला दोनच गंधक लागतात. पण मोलिब्डेटमधला मोलिब्डेनम +६ स्थितीत असतो, त्याला +४ वर आणायचं कामही याच गंधकानं करायचं असतं. शिवाय गंधक जास्त असलं की थर अपुरे, तुटक वाढतात आणि कडा वाढतात. आपल्याला तेच हवं. थायोयुरिया कमी पडला तर एक्स-रेमध्ये ऑक्साइडच्या शिखरांची गर्दी दिसते.

आता भांडं किती भरायचं. ६० मिलिलिटर पाणी २०० अंशांवर सुमारे ६९ मिलिलिटर होतं. चालेल. पण कोणी एका रनमध्ये जास्त माल काढायच्या नादात ९० मिलिलिटर भरलं, तर तेच पाणी १०४ मिलिलिटर होऊ पाहतं, आणि भांडं १०० चं आहे. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे तिथे दाब वाफेचा राहत नाही, सरळ भांडं फोडणारा होतो. दोनतृतीयांशच्या वर कधीच भरू नका. नुसत्या वाफेचा दाब २०० अंशांवर साडेपंधरा बार असतो, त्यात थायोयुरियापासून निघालेले वायू मिसळतात.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कोणताही चांगला लेथवाला स्टीलचं कवच वळून देईल, आणि चकचकीत देईल. तरी दाबाची चाचणी झालेलं, तापमान आणि दाबाची मर्यादा लिहून दिलेलं भांडंच घ्या. टेफ्लॉनचं अस्तर २२० अंशांच्या वर मऊ पडून बसकण घेतं. झाकणाची कडा एकदा चपटी झाली की ते अस्तर टाकून द्या. ओव्हनचा आकडा म्हणजे भांड्याच्या आतलं तापमान नव्हे. टेफ्लॉन उष्णता अडवतं, आतलं पाणी २०० अंशांवर यायला तास-दोन तास सहज जातात, म्हणून १२ तासांचा रन कागदावर १२ चा आणि प्रत्यक्षात १० चा असतो. १८० अंशांच्या खाली प्रक्रिया अर्धवट राहते.

रन सकाळी लावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणसांच्या देखत संपतो. नवरात्रात तर हे पाळाच. संध्याकाळी सात नंतर गरबा सोडून लॅबमध्ये कोण थांबणार?

उघडताना

भांडं ओव्हनमध्येच आपोआप थंड होऊ द्या. नळाखाली धरू नका. खोलीच्या तापमानाला आल्यावरच, फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून, झाकण हळूहळू सैल करा.

आत हायड्रोजन सल्फाइड आहे. ५ मिलिमोल गंधकातले २ उत्पादनात गेले, उरलेले ३ सगळेच वायू झाले असं धरलं तर ७० मिलिलिटरहून थोडा जास्त वायू होतो. प्रत्यक्षात बराचसा अमोनियाच्या पाण्यात विरघळलेला असतो, पण झाकणाजवळ नाक नेलंत तर तेवढंही पुरेसं धोकादायक आहे. सडक्या अंड्याचा वास येतो म्हणजे कळेलच, या भरवशावर राहू नका: दशलक्षात १०० भागांच्या आसपास हा वायू नाकाची वास घ्यायची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. लेड ॲसिटेटचा कागद हूडच्या तोंडाशी चिकटवा; काळा पडला तर हूड नीट ओढत नाही.

वरचं द्रावण पिवळट किंवा हिरवट असतं आणि त्यात सल्फाइड असतं. त्यात आम्ल ओतलं की हायड्रोजन सल्फाइड एकदम बाहेर पडतो. म्हणून ते अल्कलीच राहील अशा वेगळ्या बाटलीत साठवा.

पूड सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर दहा मिनिटं फिरवून बसवा. तीनदा पाण्यानं, दोनदा इथेनॉलनं धुवा. शेवटच्या पाण्याची वाहकता मोजा. अजून जास्त असेल तर सोडियमचे क्षार उरले आहेत, चौथ्यांदा धुवा. निर्वात ओव्हनमध्ये ६० अंशांवर रात्रभर. साध्या हवेच्या ओव्हनमध्ये १०० अंशांवर वाळवलेली पूड दिसायला तशीच असते, पण ज्या कडांसाठी एवढा खटाटोप केला त्याच आधी ऑक्सिडाइज होतात.

हिशेबानं ०.३२ ग्रॅम मिळायला हवं. थोडं टेफ्लॉनच्या भिंतीला चिकटतं, थोडं धुण्यात जातं. फारच कमी आलं तर वरच्या पाण्याचा रंग बघा: दाट काळं असेल तर सेंट्रिफ्यूज कमी पडला.

हवं असेल तर ४०० अंशांवर आर्गॉनमध्ये दोन तास भाजा. मोकळं गंधक उडून जातं, थर थोडे नीट बसतात. ७००-८०० पर्यंत नेऊ नका. स्फटिक देखणे होतात आणि कडा कमी होतात. नळीतून पंधरा मिनिटं आर्गॉन गेल्याशिवाय तापवायला सुरुवात करू नका, कारण हवेत साडेतीनशे-चारशे अंशांवर हा पदार्थ ऑक्साइड होतो.

जे बनलं ते तेच आहे का

एक्स-रे विवर्तनात, तांब्याच्या नळीवर, १४.४ अंशांजवळचं शिखर थरांमधलं ०.६१५ नॅनोमीटर अंतर दाखवतं. ३३ आणि ५८-५९ अंशांजवळची रुंद उंचवटी थराच्या आतली. १४.४ चं शिखर अगदी पुसट असेल तर घाबरू नका, थर कमी आहेत एवढाच त्याचा अर्थ. ते ९ अंशांच्या आसपास सरकलेलं दिसलं तर थरांमध्ये अमोनियम घुसून ते फाकले आहेत. भाजल्यावर शिखर जागेवर येतं. १२.८, २३.३ आणि २७.३ अंशांवर टोकदार शिखरं असतील तर मोलिब्डेनम ट्रायऑक्साइड आहे. २६ अंशांजवळ मात्र जपून: तिथे कार्बनचा रुंद उंचवटा आणि मोलिब्डेनम डायऑक्साइडचं मुख्य शिखर एकावर एक येतात. ३७ अंशांवर सोबतीचं शिखर आहे का ते बघूनच डायऑक्साइड म्हणा.

रामन वर्णपटात ३८३ आणि ४०८ प्रति सेंटिमीटर या रेषा मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या, १३५० आणि १५९० जवळच्या कार्बनच्या. लेसरची शक्ती कमी ठेवा, नाहीतर नमुना तिथेच जळून ऑक्साइडच्या रेषा येतात आणि दोष सिंथेसिसवर जातो.

एक्सपीएसमध्ये (एक्स-रेनं उडवलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजायचं तंत्र) मोलिब्डेनम +४ ची रेषा २२९ इलेक्ट्रॉन व्होल्टजवळ आणि +६ ची २३२.५ च्या पुढे. २२६ जवळ जे दिसतं ते गंधकाचं आहे. विद्यार्थी ते कमी ऑक्सिडीकरणाचं मोलिब्डेनम समजून त्यावर परिच्छेद लिहितात.

कार्बनवर नेमका किती माल बसला, ते हवेत तापवून वजनावरून काढा. कार्बन जळून जातो, मोलिब्डेनम डायसल्फाइडचं ट्रायऑक्साइड होतं आणि त्याचं वजन मूळच्या ०.९ पट उरतं. ४० टक्के उरलं तर मूळ प्रमाण ४४.५ टक्के. आकडा ६०० अंशांच्या आत घ्या. ७०० च्या पुढे ट्रायऑक्साइडच उडायला लागतं आणि माल कमी बसला असा भास होतो.

शाई आणि थेंब

निकाल सगळ्यात जास्त बिघडतात ते इथे.

४ मिलिग्रॅम पूड छोट्या बाटलीत घ्या. आधी ७३० मायक्रोलिटर पाणी घालून पूड भिजवा, मग २५० मायक्रोलिटर आयसोप्रोपेनॉल, शेवटी २० मायक्रोलिटर ५ टक्के नॅफिऑन (पूड धरून ठेवणारं, प्रोटॉन वाहणारं पॉलिमर). पाणी आधी, अल्कोहोल नंतर, हा क्रम सवयीचा करा: तुलनेसाठी प्लॅटिनम-कार्बन वापराल तेव्हा कोरड्या पुडीवर थेट अल्कोहोल पडलं तर ती पेट घेऊ शकते. बर्फाच्या पाण्यात अर्धा तास सोनिकेट करा. बर्फ नसेल तर सोनिकेटरचं पाणी तापतं, अल्कोहोल उडतं, आणि शाईचं प्रमाण लिहिलेलं राहत नाही.

ग्लासी कार्बनचा ३ मिलिमीटर व्यासाचा इलेक्ट्रोड ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉनच्या ॲल्युमिनावर इंग्रजी आठच्या आकारात घासा, पाण्यात काही सेकंद सोनिकेट करा. चांगला झाला का ते फेरिसायनाइडनं तपासा: ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये १ मिलिमोलर द्रावण, दोन शिखरांमधलं अंतर ७०-८० मिलिव्होल्टच्या आत यायला हवं. आदर्श ५९.

मग ५ मायक्रोलिटर शाईचा एक थेंब. म्हणजे २० मायक्रोग्रॅम पूड ०.०७०७ चौरस सेंटिमीटरवर, दर चौरस सेंटिमीटरला ०.२८ मिलिग्रॅम. शाई घेण्याच्या क्षणी बाटली हलवा. दोन मिनिटं ठेवलेल्या बाटलीच्या तळाशी आणि वर वेगवेगळा माल असतो.

मे महिन्यात बडोद्याच्या ४० च्या वरच्या उन्हाळ्यात हा थेंब कडेकडून झटपट वाळतो आणि पूड सगळी कडेला जाऊन मधे टक्कल पडतं. थेंबावर लहान बीकर उपडं घाला, हळू वाळू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये उलट: दमट हवेत थेंब वाळतच नाही, पूड आधी खाली बसते आणि वर नॅफिऑनचं पातळ कवच राहतं. तेव्हा शाईत अल्कोहोल थोडं वाढवा, किंवा फिरत्या इलेक्ट्रोडवर मिनिटाला ५०० च्या आसपास फेऱ्या देऊन वाळवा. वाळलेला थर भिंगाखाली बघा. चमकणारा काच दिसत असेल, भेगा असतील, तर मोजूच नका, पुसून पुन्हा लावा. एकाच शाईचे तीन वेगळे थर तपासल्याशिवाय आकडा कुठेही लिहू नका.

सेल मांडणं

विद्युत्‌द्राव्य ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्ल, अतिशुद्ध पाण्यात, म्हणजे ज्याची रोधकता १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर आहे अशा पाण्यात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी काचसामान पहिल्यांदा विसळायला ठीक. अर्धा तास नायट्रोजन सोडा.

विरुद्ध इलेक्ट्रोड म्हणून प्लॅटिनमची तार लावू नका. एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळा. हायड्रोजन निघताना ती तार धनाग्र असते, तिच्यावरून प्लॅटिनम थोडं थोडं विरघळतं आणि तुमच्या उत्प्रेरकावर येऊन बसतं. लक्षण अगदी ओळखीचं आहे: तासागणिक उत्प्रेरक "सुधारत" जातो, आणि अहवालात "सक्रियण" असा शब्द येतो. वस्तुतः तुम्ही प्लॅटिनम मोजत असता. ग्राफाइटची कांडी वापरा, तीही सच्छिद्र काचेच्या वेगळ्या नळीत, कारण ग्राफाइटचेही कण सुटतात.

संदर्भ इलेक्ट्रोड कॅलोमेल घेतलात तर त्याचं मूल्य २५ अंशांवर प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडपेक्षा ०.२४१ व्होल्ट जास्त. आरएचई वर, म्हणजे त्याच द्रावणातल्या हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मोजपट्टीवर, आणायला त्यात पीएचच्या ०.०५९ पट मिळवा. ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लाचा पीएच ०.३ च्या आसपास, म्हणजे एकूण ०.२५९. पण पुस्तकी आकड्यावर थांबू नका: हायड्रोजननं भरलेल्या त्याच आम्लात स्वच्छ प्लॅटिनमचा धारा-शून्य बिंदू मोजून संदर्भ तपासा. हे काम वेगळ्या दिवशी, वेगळ्या सेलमध्ये. कॅलोमेलमधून क्लोराइड झिरपतं. ते नको असेल तर पारा-मर्क्युरस सल्फेटचा इलेक्ट्रोड घ्या.

सेलला पाणी फिरवायचं कवच असेल तर २५ अंशांवर ठेवा. पंख्याखालच्या ३८ अंशांच्या खोलीत मोजलेला आकडा २५ अंशांच्या प्रकाशित आकड्याशेजारी ठेवणं म्हणजे स्वतःला फुकटचे गुण देणं.

मोजमाप

आधी आरएचई वर +०.२ ते −०.३ व्होल्ट दरम्यान ३०-४० फेऱ्या, वक्र एकावर एक बसेपर्यंत. वरची मर्यादा +०.२ च्या पुढे नेऊ नका, +०.६ च्या आसपास मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या कडा ऑक्सिडाइज होऊन नष्ट होतात आणि परत येत नाहीत. मग सेकंदाला ५ मिलिव्होल्ट वेगानं एक सरळ स्वीप, इलेक्ट्रोड मिनिटाला १,६०० फेऱ्यांवर, म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत.

द्रावणाचा रोध इम्पिडन्सवरून काढा. समजा तो ८ ओहम आला. दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर असताना या छोट्या इलेक्ट्रोडमधून प्रत्यक्ष ०.७०७ मिलिअँपिअरच जातात, दुरुस्ती होते ५.७ मिलिव्होल्टची. किरकोळ. पण १०० मिलिअँपिअरला तीच ५७ मिलिव्होल्ट होते. म्हणून दुरुस्ती केली का, किती टक्के केली, रोध किती होता, हे तिन्ही लिहायचं. न लिहिलेला आकडा वाचणाऱ्याच्या काही कामाचा नाही.

अपेक्षा काय ठेवावी? या पद्धतीच्या पुडीला दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअरसाठी १५० ते २५० मिलिव्होल्ट जादा विभव लागतं, टाफेल उतार ४० ते ६० च्या पट्ट्यात. २० टक्के प्लॅटिनम-कार्बनला त्याच आम्लात ३० मिलिव्होल्टच्या आसपास लागतं आणि उतार ३०. पहिल्याच बॅचला ६० मिलिव्होल्ट आलं तर पेढे वाटण्याआधी विरुद्ध इलेक्ट्रोड कोणता लावला होता ते बघा.

टाफेल उतार कमी प्रवाहाच्या सरळ भागावरच बसवा. १२० म्हणजे पृष्ठभागावर हायड्रोजन बसणंच अडलेलं, ४० म्हणजे दुसऱ्या प्रोटॉनबरोबर सुटणं अडलेलं, ३० म्हणजे दोन हायड्रोजनचं एकत्र येणं अडलेलं. ५५ आलं तर या तीनपैकी कशातही कोंबू नका. रोधाची अपुरी दुरुस्ती हे त्याचं सर्रास सापडणारं कारण आहे.

द्विस्तर धारितेवरून (इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर साठणाऱ्या विद्युतभारावरून) सक्रिय पृष्ठफळ काढायची पद्धत कार्बनवरच्या उत्प्रेरकाला लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. धारितेतला मोठा वाटा कार्बनचाच असतो. कार्बन जास्त घातला की "सक्रिय पृष्ठफळ" वाढतं, उत्प्रेरक होता तिथेच असतो.

त्याऐवजी तीन तुलना करा, आणि त्या टाळू नका: नुसता आम्लात धुतलेला कार्बन, कार्बनशिवाय त्याच पद्धतीनं बनवलेला मोलिब्डेनम डायसल्फाइड, आणि या दोघांचं नुसतं खलात केलेलं मिश्रण. हे मिश्रण जर तुमच्या मुख्य नमुन्याइतकंच चांगलं निघालं, तर कार्बनवर "वाढवण्या"नं काही साधलं नाही, फक्त वीज पोचली.

वायू खरंच निघाला का

प्रवाह दिसला म्हणजे हायड्रोजन निघाला असं नाही. पूड स्वतःच क्षपित होत असेल तरी प्रवाह दिसतो. १ चौरस सेंटिमीटर कार्बन पेपरवर शाई लावा, दोन कप्प्यांच्या सेलमध्ये मधे नॅफिऑन ११७ चा पडदा ठेवा, आणि वायू उलट्या ब्युरेटमध्ये गोळा करा.

१० मिलिअँपिअर एक तास म्हणजे ३६ कूलंब. २५ अंशांवर कोरडा हायड्रोजन ४.५६ मिलिलिटर व्हायला हवा. ब्युरेटमध्ये वायूबरोबर पाण्याची वाफही असते, म्हणून दिसतील ४.७. उन्हाळ्यात ४० अंशांच्या खोलीत तोच वायू सव्वापाच मिलिलिटरच्या जवळ दिसतो. तापमान न लिहिता २५ अंशांच्या कोरड्या आकड्यानं भागलं की कार्यक्षमता ११० टक्क्यांच्या वर जाते, आणि असे आकडे छापलेले सापडतात. कमी आलं तर आधी जोडांना साबणाचं पाणी लावून गळती शोधा. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के या सगळ्या पट्ट्यात पेटतो. हे काही मिलिलिटर उघड्या हवेत निरुपद्रवी असले तरी ब्युरेटजवळ ज्योत नको आणि खिडकी उघडी हवी.

टिकाऊपणासाठी १० मिलिअँपिअरवर २४ तास. विभवात करवतीच्या दातांसारखी रेघ दिसली तर ते बुडबुडे आहेत, बिघाड नव्हे. विभव पायरी-पायरीनं बिघडलं तर थर सुटतोय. नॅफिऑन थोडं वाढवा. वीज जाऊन प्रवाह मधेच तुटला तर विभव वर जाऊन कडा खराब होतात, म्हणून पोटेन्शिओस्टॅट आणि संगणक दोन्ही यूपीएसवर ठेवा.

अल्कलीत आणि साठवणीबद्दल

हाच उत्प्रेरक पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घातला तर निराशा होईल. अल्कलीत आधी पाण्याचा रेणू फोडावा लागतो आणि ते मोलिब्डेनम डायसल्फाइडला नीट जमत नाही. तिथे कार्बनवरचं निकेल-मोलिब्डेनम बरं. निकेल फोमवर मोजत असाल तर नुसत्या फोमचा आकडा शेजारी द्या, कारण फोम स्वतःच काम करतो.

पूड लहान बाटल्यांत वाटून, आर्गॉन भरून, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात उघडझाप केलेल्या एका मोठ्या बाटलीतली पूड हळूहळू ऑक्साइड आणि सल्फेट होत जाते. जुनी बाटली काढलीत तर चिमूटभर पूड पाण्यात हलवून पीएच बघा: पाणी आम्लधर्मी झालं असेल तर कडा गेल्या आहेत. अशी पूड इथेनॉलनं धुऊन परत वापरायची धडपड करू नका, नवीन रन लावा.